आबांच्या दोरीची खाच

तुंगार्ली. मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८६०

आज आबांच्या जुन्या मासेमारीच्या होडीला इंजिनाची लाकडी बैठक ठोकली. इंजिन चढवून पाण्यात घातली तर होडी सरळ जाईचना, सारखी डावीकडे वळायची. वळणारच! बैठक मीच मुद्दाम वीतभर उजवीकडे बसवली होती. मागच्या फळीच्या बरोबर मध्यावर आबांच्या जाळ्याच्या दोरीने घासून खाच पडली आहे. मधे बसवायची तर ती कापावी लागते. लहानपणी त्या खाचेशी गाल टेकून मी जाळं वर यायची वाट बघायचो. ओल्या सुताचा तो वास... तिथं करवत कशी चालवू?

होडी परत काठाला लावली, तेव्हा तिथं बसलेल्या आबांनी विचारलं, "बाजूला का रं बसवलीस?"

"मधलं लाकूड कुजलंय."

त्यांच्याच होडीबद्दल त्यांनाच थाप! मला लाज कशी वाटली नाही?

आबा उठून आले. खाचेतून अंगठा फिरवला. "कुजलं न्हाई. दोरी मधनंच वढली, म्हून होडी कधी वाकडी गेली न्हाई. हितंच काप."

मी करवत घेऊन आलो, तरी त्यांचा अंगठा खाचेतच होता.