बेकरीवाल्याची चढाई

प्रिय भिंगरी,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. मी तोंड उघडलं की तू आधी हसतेस, मग ‘बाबा, आज कुठल्या कड्यावर लटकला होतात?’ असं विचारतेस, आणि मग फोन आईकडे जातो तो जातोच. तुम्हा मायलेकींचं बोलणं संपेपर्यंत इकडे माझी भट्टी तापून लाल होते. म्हटलं, सगळं एकदा नीट सुरुवातीपासून लिहून काढावं. सावकाश वाच. मंगळवारी त्या मशीनशेजारी पडून असतेस तेव्हा वाचलंस तर उत्तम. तिथून तुला उठून जाता येत नाही, आणि मला मधेच अडवायला तू समोर नाहीस.

गेल्या वर्षी तू येऊन गेलीस तेव्हाचा मी तुला आठवत असेनच. सकाळचा पहिला पाव भट्टीतून निघाला की लोणी लावून तो माझ्या पोटात जायचा, चव बघायला म्हणून. केकच्या कडा कापल्या की त्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून त्याही मीच संपवायचो. काका गल्ल्यावरून ओरडायचा, ‘दादा, तू मालक आहेस की गिऱ्हाईक ते एकदा ठरव.’ मैद्याची पोती माडीवर असतात. तिथे जाताना अर्ध्या जिन्यात मला थांबावं लागायचं. कुणी बघितलंच तर मी वरच्या दिव्याकडे मान करून उभा राहायचो, जणू दिवा नीट लागतो की नाही हे तपासायलाच थांबलोय. त्या दिव्याइतकी देखभाल अख्ख्या बेकरीत दुसऱ्या कशाची झाली नसेल.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांनी एका सकाळी पहिला पाव निघाला आणि मी तो सरळ फळीवर ठेवून दिला. काकाने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. आई पोस्टातून घरी आली, मी ताटात काकडी आणि उकडलेली अंडी घेऊन बसलेला तिला दिसलो. तिने हात धुतले, स्वतःचंही ताट तसंच वाढून घेतलं आणि समोर येऊन बसली. तेव्हापासून आमच्या घरात मोठी ताटं वरच्या फडताळात गेली. सकाळी फळं, दुपारी भाज्या आणि कडधान्यं, संध्याकाळी लवकर भोपळ्याचं नाहीतर टोमॅटोचं सूप. मीठ इतकं कमी, की पहिला महिनाभर मला वाटायचं आपण आजारी माणसाच्या उशाशी बसून जेवतोय. सगळ्यात कठीण काय होतं सांगू? वास. दिवसभर ताज्या पावाच्या वासात उभं राहायचं आणि सफरचंद चावायचं. लोकांना वाटतं बेकरीवाल्याला वासाची सवय होते. साफ खोटं.

एकदा घसरलो. एका लग्नाचा तीन मजली केक करताना वरचा मजला जरा कलला, तो बाजूला काढावा लागला. माडीवर पोत्यांच्या आड बसून मी तो जवळजवळ सगळा खाल्ला. खाली आलो तर आई बेकरीत डबा घेऊन उभी. ‘मिशीला काय लागलंय?’ म्हणाली. मला वाटलं आता आपली धडगत नाही. पण तिने पदराने माझी मिशी पुसली आणि हळूच म्हणाली, ‘उद्यापासून परत.’ बस, एवढंच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

खाण्याबरोबर चालणंही सुरू केलं होतं. पहाटेच्या भट्टीचं काम उरकलं की तळ्याभोवती एक फेरी, मग दोन. तळ्यावर चालणारी माणसं मला आवडेनात. सगळे आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलतात. एका रविवारी मी तळं सोडून मागच्या टेकाडाची पायवाट धरली. वर झाडी संपते तिथे एकदम कातळाची भिंतच उभी राहते. तिथे दोर सोडून चारपाच जण चढत होते, आणि खाली एक बुटकी बाई कमरेला पट्टा बांधून, मान वर करून, सगळ्यांवर डाफरत होती. ती आपल्या बाजारपेठेतली दातांची डॉक्टरीण. तू तिला ओळखत नाहीस, ती तुझ्या लग्नानंतर इथे आली. मला बघितल्याबरोबर म्हणाली, ‘तुम्ही बेकरीवाले ना? तुमच्यामुळे माझा दवाखाना चालतो. या, आज तुमचं काहीतरी करते.’ मी म्हटलं, माझं वजन तुमच्या दोराला झेपणार नाही. तर म्हणे, ‘हा दोर मोटार ओढून नेईल. तुम्ही काय मोटारीपेक्षा जड आहात?’ आजूबाजूचे हसले. मी पट्टा बांधून घेतला तो निव्वळ रागाने.

पहिल्या दिवशी मी किती चढलो? माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर पाय पोहोचले असतील नसतील, आणि तिथेच कातळाला पालीसारखा चिकटून राहिलो. खालून ती सांगत होती, ‘हातांनी ओढू नका, पायांनी उभे राहा. कातळ तुमचा सोयरा नाही, मिठी कसली मारताय!’ मला मात्र तू लहानपणी मैद्याच्या पोत्यांच्या थप्पीवर चढायचीस ते आठवत होतं. सरसर वर जायचीस आणि वर गेल्यावर रडायचीस, कारण उतरता यायचं नाही. मी खालून हात पसरायचो. या वेळी खाली हात पसरून कुणी नव्हतं, नुसता दोर होता, आणि तो त्या बुटक्या बाईच्या हातात. ‘सोडा आता, मी धरलंय,’ ती म्हणाली. माणसाला हात सोडणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी सोडले. तिने मला पोत्यासारखं अलगद खाली उतरवलं.

त्यानंतर एकही रविवार चुकवला नाही. आठवड्यात मधेही एखादी संध्याकाळ जायचो. बोटांची साल निघाली, नव्याने आली, आता बोटं अशी झालीत की तापलेला ट्रे मी फडक्याशिवाय धरतो आणि काका तोंडात बोट घालतो. पीठ मळून मळून दंड माझे आधीच दणकट होते, पण डॉक्टरीणबाई म्हणायच्या, बेकरीवाल्याचे दंड आहेत आणि पाय अजून गल्ल्यावर बसलेत. तेव्हा पायांसाठी जिना. मैद्याचं अर्धं पोतं पाठीवर घेऊन माडीवर चढायचं, उतरायचं. दिव्याकडे बघायला आता मी थांबत नाही. तो मधे एकदा गेला होता, मला दोन दिवस पत्ताच नव्हता.

त्या भिंतीपलीकडे एक उंच सुळका आहे, त्याला सगळे थोरला म्हणतात. हिवाळा सरताना मला त्याच्यावर नेलं. मध्याच्या थोडं वर एक पुढे आलेला दगड आहे. त्याच्याखाली पाय ठेवायला जेमतेम बोटभर खाच, आणि पुढची पकड दिसतच नाही, हात वळवून चाचपायची. तिथे माझे पाय शिवणयंत्रासारखे थडथडायला लागले. थांबवू म्हटलं तरी थांबेनात. खाली बघितलं आणि चुकलोच. झाडं हिरव्या शेवाळासारखी दिसत होती. मी ओरडून सांगितलं, मला उतरवा. तिने लगेच उतरवलं. खाली बसून पाणी प्यायलो. मग ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, ‘एक विचारू? वजन कमी करायला माझ्याकडे खूप लोक येतात. महिन्याभरात पळून जातात. तुम्ही घाबरता त्यांच्यापेक्षा जास्त, तरी पळत नाही. का?’ मी म्हटलं, बूट महाग होते, वसूल करतोय. दातांच्या डॉक्टरांना तोंड उघडायला लावायची सवय असते, पण त्या दिवशी तिने तो नाद सोडला.

मधल्या काळातली इकडची खबर द्यायची राहिली. आईने माझ्या सगळ्या विजारी आवळून घेतल्या, आणि शेवटी कंटाळून नव्या आणल्या. काकाने बेकरीत बिनसाखरेची बिस्किटं सुरू केली, ती कुणी घेत नाही, म्हणून आम्हीच खातो. आणि तुझ्या पोरीने पाठवलेलं चित्र भट्टीच्या वर लावलंय. त्यात एका डोंगरावर एक गोल माणूस आहे. तिला सांग, आजोबांना आता जरा लांबट काढायचं.

गेल्या महिन्यात मी थोरल्यावर पुन्हा गेलो. सकाळ कोरडी होती, वारा नव्हता. त्या दगडाखाली पाय पुन्हा थडथडले. या वेळी मी उतरवा म्हटलं नाही. कपाळ कातळाला टेकवलं, गार होता, आणि श्वास मोजत नुसता उभा राहिलो. खालून तिने धरलेला दोर किंचित ताणलेला लागत होता, मी आहे म्हणून सांगावं तसा. पाय शांत झाले. मग हात वर वळवला, चाचपलं, तिथे खरंच पकड होती, ताटाच्या काठासारखी. तिच्यावर भरवसा टाकून अंग वर ओढलं. नंतरचं मला धड आठवत नाही. वर पोहोचलो तेव्हा समोर तळं, बाजारपेठ, आपल्या धुराड्याचा धूर, सगळं दिसत होतं, आणि तुझा बाप त्या उघड्या दगडावर मांडी घालून हुंदके देऊन रडत होता. मागून डॉक्टरीणबाई वर आल्या. बराच वेळ बसू दिलं. मग मी आपणहून त्यांना कारण सांगितलं. आई सोडून हे ऐकणारी ती पहिली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘मग इथे काय करताय? उतरा. उद्याच्या उद्या जा आणि तपासून घ्या.’

आता तुला सांगतो. तू गेल्या वर्षी इथून गेलीस त्याच आठवड्यात मी इथल्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो, माझी किडनी तुला देता येईल का ते विचारायला. हो, तू तेव्हा स्पष्ट म्हणाली होतीस, ‘बाबा, तुमचं नावसुद्धा काढायचं नाही. तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?’ आईचा रक्तगट जुळला नाही, आणि माझं तू बोलूच दिलं नाहीस. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझं वजन, बीपी, साखर सगळं बघितलं आणि म्हणाल्या, ‘आज तुमची किडनी काढली तर मला एकाऐवजी दोन पेशंट मिळतील. हे सगळं जागेवर आणा, वर्षभर टिकवून दाखवा, मग बघू.’ मी घरी येताना वाटेत फक्त एवढंच ठरवलं, की उद्याचा पाव खायचा नाही. बाकीचं तुला वर लिहिलंच आहे. या महिन्यात सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. बीपी गोळीशिवाय जागेवर, साखर जागेवर, हृदय चांगलं, दोन्ही किडन्या चांगल्या. किडनीच्या डॉक्टरबाईंनी हसून माझ्याशी हात मिळवला. एकच तपासणी उरलीय, तुझं आणि माझं रक्त एकत्र करून बघायची, आणि ती तू हो म्हटल्याशिवाय होत नाही. तू नको म्हणालीस ते माझ्या काळजीपोटी, ते मला तेव्हाही कळलं होतं. पण ज्या धापा टाकणाऱ्या जाड्या माणसाची तुला काळजी वाटत होती, तो माणूस आता इथे राहत नाही, बाळा. त्याच्या जागी मी आहे. माझ्यासाठी हो म्हण.

वाट बघणारा, तुझाच
बाबा