सतरा एकांची संख्या

किहीम,
४ ऑगस्ट २०२५

चि. सुचित्रास अनेक आशीर्वाद.

तुझी जुलैची पाने पोचली. सगळीकडे बाकी उरली आहे, म्हणजे नेहमीचेच. भाजक तीस लाखांच्या पुढे गेले ग आपले. नऊ वर्षे झाली, रोज दोन भाजक तुझे, दोन माझे, आणि सतरा वेळा एक लिहून होणारी ही संख्या अजून कोणालाच दाद देत नाही. चौतीसने भागल्यावर एक उरतो अशाच मूळ संख्या तपासायच्या, एवढी सूट गणिताने दिली म्हणून इथवर तरी आलो. ती स्वतःच मूळ असेल, तर खात्री करायला या वेगाने आणखी अडीचशे वर्षे लागतील.

मी दमलो आहे. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, आणि उजव्याने आकड्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. तुझी वहिनी म्हणते, सुश्रुतच्या कॉम्प्युटरला विचारा आणि मोकळे व्हा. एकतीस वर्षे वर्गात मुलांना सांगितले, आधी उत्तर बघू नका. आता मीच पुस्तकाची मागची पाने उघडू? पण थांबावे का, ते तू सांग. तू म्हणशील तसे करीन.

पानांवर फोडणीचे डाग पाडतेस, तेवढे कमी कर. तुझ्या सुश्रुतला आशीर्वाद.

तुझा,
दादा


उरण,
११ ऑगस्ट २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझे पत्र चार दिवस उशीखाली ठेवले होते. थांब, असेच मला म्हणायचे आहे. पण त्याआधी एक सांगायचे आहे, आणि ते वाचून तू मला पुन्हा लिहिशील की नाही, याची भीती वाटते.

गेल्या महिन्यात सुश्रुतने न्हावा शेव्याच्या ऑफिसात बसल्या बसल्या कॉम्प्युटरला विचारले. मामाला वाढदिवसाला सांगू, म्हणाला. मी त्याला गप्प केले. आपली संख्या मूळ नाही, दादा. तिला २०,७१,७२३ ने भाग जातो.

हा भाजक आपण केव्हाच मागे टाकला. नोव्हेंबर २०२२ च्या माझ्या पानावर तो आहे आणि त्यापुढे मी बाकी लिहिली आहे. भागाकार चुकला नाही, मी तो केलाच नव्हता. आमचे हे पनवेलला अतिदक्षता विभागात होते. मी बाहेर बाकावर पान मांडीवर घेऊन बसले होते. तीनदा मांडले, तीनदा मध्येच विसरले. मग उरलेल्या अकरा भाजकांपुढे मनाला येतील ते आकडे लिहिले आणि पाकीट टपालात टाकले. पुढच्या आठवड्यात हे गेले.

तू माझी पाने तपासत नाहीस, हे मला ठाऊक होते. त्यानंतरची पावणेतीन वर्षे तू डोळे शिणवलेस, ती माझ्यामुळे. रागावलास तरी पत्रातून रागाव, गप्प बसू नकोस.

वहिनींना नमस्कार.

सुचित्रा


किहीम,
१९ ऑगस्ट २०२५

चि. सुचित्रास आशीर्वाद.

भागाकार केला. ५,३६,३२,२२,३५७ आले, बाकी शून्य. पुन्हा केला, पुन्हा शून्य. त्या दिवशी मी जेवलो नाही. राग आला, खोटे कशाला सांगू. चार हजार भाजक वाया गेले.

मग तुझे ते पान काढायला फाईल उघडली. मी तुला पाठवलेल्या पत्रांच्या प्रतीही तीतच लावतो. त्या पानाखाली माझे त्याच आठवड्यातले पत्र होते. मोरेश्वररावांना दवाखान्यात ठेवल्याचे तू मला आधीच कळवले होतेस. माझे उत्तर दोन ओळींचे आहे: ‘पाने अजून पोचली नाहीत. खंड पडू देऊ नकोस.’ त्यांचे नावही नाही. एखादी ओळ मागे लिहिली असेल म्हणून कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

सुचित्रा, मला लाज वाटते.

या पाकिटात भाजक नाहीत, फक्त कोरे कागद आहेत. त्या बाकावर तू किती दिवस बसलीस, सोबत कोण होते, जेवण कुठून येत होते, डॉक्टर काय सांगत होते, सगळे लिही. घाई करू नकोस. माझ्यावरचा लोभ अजून असेल तेवढा असू दे.

मी तेव्हा विचारले नव्हते. आता विचारतो आहे.

दादा