दिग्विजयचा न संपणारा खेळ

पौड, जानेवारी २००८

तीर्थस्वरूप नरहरीमामांना निषादचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा खोकला गेला असेलच (नसला तरी तुम्ही सांगणार नाही). इकडे बरं आहे, म्हणजे नोकरी अजून आहे.

या नव्या कॉलेजात मी मुलांना खेळ तयार करायला शिकवतो. कॉम्प्युटरवरचे नव्हे; पट, सोंगट्या, फासे, पत्ते यांचे. (आई शेजारणीला अजून इंजिनिअरिंग शिकवतो असंच सांगते.) पहिल्या तासापासून घसा फोडून सांगतोय की नियम थोडे हवेत आणि खेळ कधीतरी संपायला हवा. तर दुसऱ्या वर्षाच्या दिग्विजयने मेंढरं घाटापार नेण्याचा असा खेळ केलाय, की माथा गाठता गाठता दरडीचा पत्ता निघतोच आणि सगळा कळप पुन्हा पायथ्याशी. मी म्हटलं, अरे, यात कुणी जिंकणार कसं? तो म्हणाला, सर, आशा राहते ना.

खेळ अनोळखी माणसांकडून खेळवून घ्यायचा आणि करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम माझाच. म्हणून त्याला पौडच्या स्टँडवर नेलं. वाटलं, लोक कंटाळून उठतील आणि हा ताळ्यावर येईल. मुठा गावच्या गाडीला थांबलेल्या साळूबाई आणि त्यांचे दीर पिराजी खेळायला बसले, चौथा गडी हवा म्हणून मीही बसलो (तिसरा एक पानवाला). भोवती ही गर्दी. गाडी आली, कंडक्टरने डबल बेल मारली, गाडी गेली. कुणी हललं नाही. आता पुढची गाडी नाही हे कळल्यावर मात्र सगळे माझ्यावर उलटले. दिग्विजय माझाच नियम पाळत गप्प उभा. साळूबाई म्हणाल्या, "मास्तर, येस्टी तुमच्यापायी ग्येली. आता तुमीच पोचवा. आन् पट नीट धरा, माजी मेंढरं सरकत्यात." शेवटी कॉलेजच्या जीपमधून पट मांडीवर धरून मुठ्याला गेलो. डाव तिथेही संपला नाही; सोंगट्या होत्या तिथेच ठेवून पट परत आणलाय.

जीपचं प्राचार्यांना कळलं. हा विषय बंद करून त्या तासाला कॉम्प्युटरच शिकवावा असं त्यांच्या मनात आधीपासून आहे. शनिवारी ते स्वतः खेळ बघायला बसणार. डाव संपला नाही तर विषय संपला, आणि त्यासोबत मी. दिग्विजय दरडीचा एकही पत्ता काढायला तयार नाही. 'खेळाचा आत्माच जाईल' म्हणतो. या मुलांपुढे मी हात टेकले.

प्रकृतीला जपा.

तुमचा,
निषाद

ता. क. शनिवारी सकाळी इकडे याल का? आमच्याकडे सगळे प्रामाणिकपणे खेळतात, तिथेच घोडं अडलंय. तुम्ही बसलात की डाव संपतो, आणि कसा संपतो ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मामींना व्याख्यान आहे म्हणून सांगा.

आणखी एक. हिरवा कळप माझा आहे. तो अगदी माथ्याला आलाय. त्याला हात लावू नका.