पुसलेलं बेट

३ नोव्हेंबर
मानवजातीवर आजवर जे घोर अन्याय झाले, त्यांत एकाची भर घालणं भाग आहे: सान मारोन बेटावर उशी मिळत नाही. मिळते ती सुकी मासळी ठासून भरलेली एक वस्तू. मी तक्रार केली, तर घरमालकीण ओर्सोला म्हणाली की व्हेनिसच्या बायकांच्या माना नाजूकच असायच्या, इथल्या माना जाळी ओढून घट्ट झाल्यात. मी म्हटलं, बाई, मी पादुआची. ती म्हणाली, तेच ते.

बाकी सगळं झकास. खिडकीखाली कालवा, ताटात पोलेंटा, म्हणजे मक्याची गरम उकड, आणि तळलेले मासे. काम त्याहून झकास. इथल्या चर्चमध्ये जगाचा एक नकाशा आहे, वासराच्या अखंड कातड्यावर इथल्याच एका साधूने शतकांपूर्वी हाताने काढलेला. दक्षिण वर, उत्तर खाली, आफ्रिकेत कुत्र्याच्या तोंडाची माणसं. आणि जगाच्या मध्यभागी, जिथे इतरांनी जेरुसलेम ठेवलं, तिथे या महाशयांनी आपलं हे टीचभर बेट ठेवलंय. इतका विनय हल्ली बघायला मिळत नाही.

नेमकं तेवढंच बेट पुसलं गेलंय. पाद्री दॉन सान्ते यंदाच इथे बदलून आलेत. त्यांचं म्हणणं, जो तो बोट टेकवून ‘हे आमचं’ म्हणतो, कौतुकानेच झिजलं असणार. बिशपसाहेब यायच्या आत मी ते पुन्हा रंगवायचं आहे.

८ नोव्हेंबर
काम छान चाललंय. गावातल्या बायका दारापर्यंत येतात, माझ्याकडे बघून छातीवर क्रूस काढतात आणि निघून जातात. माझी टोपी इतकी वाईट असेल असं वाटलं नव्हतं.

ओर्सोला मात्र रोज कॉफी घेऊन येते आणि शेजारी बसून राहते. तिचा नवरा मेनेगो मासेमारीला गेला तो परतला नाही, होडीतले बाकीचेही नाहीत. हे तिने हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, बेट नुसतं रंगवू नका, सोन्याचं करा. लांबून दिसलं पाहिजे. मला कल्पना आवडली. सोन्याचा वर्ख माशाच्या सरसाने बसवतेय. माझं काम कधी उखडत नाही, एवढी एक ख्याती मी कमावली आहे.

११ नोव्हेंबर
बेट झालं. दिव्यासारखं झळकतं.

पण नकाशाच्या पूर्व कडेला, समुद्राच्या निळ्यावर, ओले डाग पडलेत. बोटाच्या टोकाएवढे, गोल. तिथे कातडं फुगलंय. दॉन सान्तेंना सुनावलं की तीर्थाच्या भांड्यात हात बुडवून कातड्याला शिवायचं नसतं. ते शपथेवर सांगतात की आपण शिवलो नाही. पाद्र्याने शपथ घेतली की माझा संशय वाढतोच.

१३ नोव्हेंबर
डाग सरकलेत. कडेवरचे सुकले, नवे आतल्या बाजूला उमटले, घोळक्याने, एकामागे एक. एका डागाला बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट. चर्चमधलं पाणी गोडं आहे.

दुपारीच धुकं दाटलं. घरी येताना कालव्याच्या काठाशी वाट चुकले. मागे कोणीतरी चालत होतं, ओल्या बुटांनी, चप्प चप्प. मी थांबले की थांबायचं. ओर्सोला कंदील घेऊन शोधत आली आणि हात धरून मला घरी आणलं. तिला म्हटलं, मागे कोणीतरी होतं. ती हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच हसताना पाहिली.

१४ नोव्हेंबर
कातिना मासळीवाली दारासमोर उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली. म्हणाली, शिकलेली ना गं तू? कौतुकाने कधी काही झिजतं का? होडी परतली नाही की आम्ही बायका वर्षभर वाट बघतो. मग तीर्थात बोट बुडवून बेट पुसतो. बुडालेल्यांना घर सापडू नये म्हणून. माझा भाऊ मी याच बोटाने पुसला. आणि तू सोनं लावून त्यांना बोलावतेस?

जाता जाता म्हणाली, सगळ्यांनी पुसलं. एका ओर्सोलाने कधी बोट लावलं नाही.

ती स्वयंपाकघरात सगळं ऐकत होती. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? तिने पोलेंटा ढवळणं थांबवलं नाही.

१५ नोव्हेंबर
सकाळीच सुरी घेऊन चर्चमध्ये गेले. सोनं निघत नाही. गरम पाणी, व्हिनेगर— नाही. माझं काम उखडत नाही.

नकाशावरचे डाग आता बेटाभोवतीच्या आखाताच्या तोंडाशी.

कातडंच कापावं म्हणून सुरी रोवली, तर ओर्सोलाने मागून मनगट धरलं. म्हणाली, एकदा बघू दे. नुसतं बघू दे. मग काप. तिच्या हाताला केवढा जोर. दॉन सान्ते प्रार्थना म्हणत होते, शब्द चुकत होते—

सुरी तिच्याकडेच राहिली.

१६ नोव्हेंबर, दुपार
समुद्रात एकही डाग नाही. सगळे बेटावर.

गावातली दारं बंद, कड्या लावलेल्या. दाट धुकं. गल्लीत पावलं. एका दारापाशी थांबतात, पुढे येतात. कुणीच उघडत नाही. एक आमचं दार उघडं.

बेटावरून बाहेर नेणारी शेवटची होडी निघतेय, भोंगा ऐकू येतोय. मला जाता येईल.

ओर्सोला उंबऱ्यात उभी आहे, लग्नातली शाल घेऊन. त्या दिवशी धुक्यात तिने माझा हात धरला होता. तेवढं देणं माझ्याकडे आहे. मी तिचा हात धरला आहे. एका हाताने लिहितेय.

भोंगा थांबला.

आले. मेनेगो पुढे असावा, तिने नाव घेतलं. मागे बाकीचे. केसांतून पाणी—

ती हाक मारतेय. तो तिच्याकडे बघत नाही. कोणीच बघत नाही. ते माझ्या बोटांकडे बघतायत, नखांत अजून सोनं—

तो म्हणतोय बोलावलंस तू, तर आता आमच्या—