विटांमधल्या फटी

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची! जतन केलेल्या घराची देखरेख आणि वर राहायला फुकट खोली. आणखी काय हवं? सोबतीला धाकटी बहीण आहेच. घर देखणं आहे. लाल विटा, पहिल्या मालकाने स्वतःच्या शेतातली माती भाजून केलेल्या. विटा सांधायच्या चुन्यात त्याने न्हाव्याकडचे केस कालवले होते, असं दारावरच्या पाटीत लिहिलंय. केसांनी चुना घट्ट धरतो. धाकटीने नाक मुरडलं. मी म्हटलं, बाई गं, राहतेस त्या घराला नावं ठेवू नकोस.

बुधवार, ५
कुणा दीडशहाण्याने सगळ्या फटींत सिमेंट थापलंय! जुन्या विटेला सिमेंट म्हणजे विष, ओल आत कोंडते. खरवडायला बसले, तर गावातला म्हातारा गवंडी धावत आला. म्हणाला, ताई, ते माझ्या वडिलांनी मुद्दाम भरलंय, हात लावू नका. कारण विचारलं तर म्हणाला, ऐका माझं. मी त्याला जतनाचे नियम ऐकवले. पालथ्या घड्यावर पाणी, असं पुटपुटत गेला. संध्याकाळपर्यंत धाकटीच्या पलंगामागची भिंत मोकळी केली.

शुक्रवार, ७
फटींतून केस डोकावतायत. ओले, तेलकट, तुंबलेल्या मोरीचा वास. चिमट्याने एक उपटला. मुळाशी पांढरी गाठ होती, डोक्यातून ताज्या उपटलेल्या केसाला असते तशी. तीनदा हात धुतले. साबणाच्या वडीवरही एक चिकटलेला. शी!

शनिवार
वीतभर वाढलेत. चहात केस, घासात केस. घशातून एक ओढत राहिले, तो संपेचना. भडाभडा ओकले. धाकटी मात्र भिंतीला टेकून बसते. वास आता आवडतो म्हणते.

रविवार, सकाळ
तिची वेणी फटीत गेलीय. मानेपर्यंत. ओढलं की किंचाळते. गवंड्याला आणलं. म्हणाला, सिमेंटने बंद होईल, पण माणूस सुटायची वाट बघत बसलात तर घरातलं कुणीच उरणार नाही. त्याच्या आईची वेणी अशीच गेली होती. वडिलांनी वाट पाहिली नाही.
कात्रीने वेणी कापली — कापलेल्या केसांतून रक्त —

दुपार
उरलेल्या केसांनी तिला ओढलं, कान आत गेला. वीट मऊ लागते, हिरडीसारखी. गवंडी बाहेर सिमेंट कालवतोय, मला बाहेर या म्हणतोय. नाही. तिचा हात धरलाय, दुसऱ्याने लिहितेय. माझी धाकटी आहे. सोडणार नाही.

ती हसतेय. तोंडात केस. तिच्या तळव्यातूनही — ओले — माझ्या बोटांना — देवा, किळस, मला नाही सहन — सोडला मी, सोडला हात, पण ती सोडत ना