माझं दुर्मीळ आतडं

३ जानेवारी २००६, मंगळवार
आजपासून पोट माझ्या ताब्यात. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी क्रोन्स सांगितला. म्हणजे आतड्याला सूज येते, जाते, पुन्हा येते. मॉरीन, हॉस्पिटलातली आतड्यांची नर्स, फोनवर म्हणाली की बरं वाटलं तरी गोळ्या सोडू नका. बरं म्हणालो. पण जो माणूस कौन्सिलच्या ऑफिसात बसून अख्ख्या लेस्टरच्या बसेसचं टाइमटेबल आखतो, त्याला स्वतःच्या पोटाचं आखता येणार नाही? संकल्प : गोळ्या बंद, बेलाचा मुरंबा सुरू. मधुमतीला सांगायचं नाही. बायकोला उगाच टेन्शन.

१९ जानेवारी
मुरंबा लागू पडतोय. पोट दुखतं, पण वेगळ्या पद्धतीने.

११ फेब्रुवारी
पँट सैल. वजन मुद्दाम उतरवतोय, असं मधुमतीला सांगितलं. तिने विचारलं की मग डबा तसाच परत का येतो. ऑफिसात कुणाचं तरी लीव्हिंग लंच होतं म्हणालो. या महिन्यात बरेच लोक नोकरी सोडून गेले.
जेवल्यावर आधी गुरगुर, मग पोट फुगतं, मग कळ. रोज त्याच क्रमाने. शिस्त आली आहे. चांगलं लक्षण.

२६ फेब्रुवारी
कस्तुरी युनिव्हर्सिटीतून वीकेंडला घरी. पोरगी इथेच जन्मलेली, मराठी व्याकरण तिला जुमानत नाही. मी जेवता जेवता उठून गरम पाण्याची पिशवी भरून आणली, तेव्हा म्हणाली, "बाबा, तुझी पोट बरा नाही. तू खोटा बोलते." तिची वाक्यं दुरुस्त करून दिली. त्यात मूळ मुद्दा राहून गेला. बरंच झालं.

१ एप्रिल, शनिवार
आज इथल्या मराठी मंडळाचा पाडवा. श्रीखंड-पुरी आहे. एकच वाटी घेणार.

९ एप्रिल, वॉर्डातून
तीन वाट्या. पण दोष हॉलमधल्या हीटिंगचा.
सुजेमुळे आतड्याची वाट इतकी अरुंद झाली होती की पुढे काही सरकेना. मधुमतीने मला न विचारता ॲम्ब्युलन्स बोलावली. कुठल्या रस्त्याने जायचं ते मी ड्रायव्हरला झोपल्या झोपल्या सांगत होतो. ऐकलं नाही. सर्जन मिस्टर हॉलवर्थ यांनी आतड्याचा तेवढा तुकडा कापला, सोबत अपेंडिक्सही. आज राउंडला विचारत होते की गोळ्या नियमित चालू होत्या ना. ग्लानी आल्याचं सोंग घेतलं.

२४ एप्रिल
कापलेला तुकडा लॅबमध्ये तपासला. अपेंडिक्सच्या टोकाला गाठ निघाली. कार्सिनॉइड म्हणतात. कॅन्सरच्याच कुळातली, पण संथ चालीची. हॉलवर्थ म्हणाले, क्रोन्सच्या पेशंटमध्ये ही फार क्वचित सापडते. क्वचित. शब्द दोनदा वापरला.
पुढचं मधुमतीने ऐकलं असेल. माझे कान विमानात बसतात तसे बसले होते. बहुतेक स्कॅन आहे.

२५ एप्रिल
भीती अजिबात नाही. झोप लागली नाही ती नव्या उशीमुळे. मंडळाच्या सेक्रेटरीला, जयंतला, फोन करून माझं भाषण ठेवायला सांगितलं. विषय : 'शरीराचे संकेत ओळखा'. माझा तर्क असा की गाठ मुरंब्यानेच उघडी पाडली. हॉलवर्थनी नुसती कापली. मधुमती बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसली होती. सर्दी झाली असावी.

१६ मे
स्कॅन स्वच्छ. मला माहीतच होतं. निकाल ऐकताना खुर्ची घट्ट धरली ती पाठीसाठी.
हॉलवर्थनी विचारलं, मेडिकलच्या विद्यार्थ्यांसमोर याल का. अशी केस त्यांना सहसा बघायला मिळत नाही. लगेच हो म्हणालो. जयंतला कळवलं की भाषणाला मोठा हॉल घे.

६ जून, मंगळवार
सूट घातला. सैलच होता. मधुमती सोबत आली.
हॉलवर्थनी माझ्या आतड्याचा फोटो पडद्यावर लावला आणि वर्गाला विचारलं, ही गाठ कशी सापडली? पहिल्या रांगेतला मुलगा म्हणाला, योगायोगाने. हॉलवर्थ म्हणाले, अगदी बरोबर.
मग मला विचारलं की त्रास कधीपासून होता. अचानक सुरू झाला, म्हणालो. तेवढ्यात मधुमती उठली. हे सगळा हिवाळा पोट धरून होते, इंग्लिशमध्ये सांगितलं तिने. डबे परत यायचे, तेही. मुलं भराभर लिहून घेत होती. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "एकटे एकटे घाबरू नका हो. मलाही भीती वाटते."
मागे बसलेल्या एका गुजराती मुलीने मान खाली घातली. तिला बहुधा कळलं.
मी पाणी मागितलं. आणून दिलं कुणीतरी.
शेवटी हॉलवर्थनी वर्गाला सांगितलं की दुर्मीळ भाग निघून गेला, त्याला आता उपचार नकोत. नेहमीचा आजार मात्र जन्मभर सांभाळायचा. गोळ्या आजपासून पुन्हा.
जयंतचा फोन आला होता. भाषणाच्या वेळेला मंडळाने हाउझी ठेवली आहे. ठीक आहे म्हणालो.
कार पार्कमध्ये चावी लागेना. मधुमतीने ती घेतली. गाडी तिनेच चालवली, घरापर्यंत. मी एकही सूचना केली नाही.