ताई सेन्सिबल आहे

प्रिय छकुली,

जेवणाच्या टेबलावरचा बाबांचा तो खेळ आठवतो तुला? सिस्टरनी वर्गात शिकवलेला नवा इंग्रजी शब्द घरातल्या कुणाला तरी चिकटवल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. त्या दिवशी जोडीच होती, सेन्सिटिव्ह आणि सेन्सिबल. आपलं मांजराचं पिल्लू दुपारी मेलं होतं. तू हुंदके देत होतीस. मी ते खोक्यात घालून मागे पुरलं आणि हात धुऊन ताटं मांडली. बाबा म्हणाले, "धाकटी सेन्सिटिव्ह, तिच्या जिवाला लागतं. थोरली सेन्सिबल, तिला कळतं काय करायचं ते." मी केवढी फुशारले! पिल्लू माझंही होतं, हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

मग ते शब्द अंगाला चिकटलेच. माझं लग्न मोडलं तेव्हा तू इतकी रडलीस, की सगळे तुझीच समजूत काढत बसले. बाबांच्या शेवटच्या दिवसांत तू खोलीच्या दारातूनच मागे फिरलीस. "ताई, मला नाही गं बघवत." आई तुझ्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "बघतेस काय, तिला चहा कर." मी केला. आलं घालून, तुला आवडतो तसा.

आई बरी आहे, म्हणजे आहे तशीच. सगळं अंथरुणातच. मला 'बाई' म्हणते. काल भरवताना बोटाला कडकडून चावली आणि म्हणाली, "माझी छकुली येऊ दे, तुला कामावरूनच काढायला लावते." मी म्हटलं, "येईल हं."

घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, अजून वीस वर्षं सहज काढाल. ते ऐकूनच ठरवलं. घराचा करार संपतोय, नवा केला नाही. शिलाई मशीन शेजारच्या शिंपीणबाईंना दिलं. बाबांची डिक्शनरी तुझ्या लेकीला. आई तुला. शनिवारी सकाळी रुग्णवाहिका तुझ्या दारात येईल. औषधं आणि रबरी चादर तिच्या उशाशी आहेत. माझा नवा पत्ता कुणालाच नाही. तिची कूस सारखी बदलावी लागते, नाहीतर पाठ सोलवटते. रडू आलं, तर आधी कूस बदल, मग रड.

तुझीच,
सेन्सिबल ताई